बेअर्सचा नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स : यंदा तरी आशा ठेवायची का? (आणि जर्सी घ्यायची का?)

नेपरव्हिलकर | १८ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

काल लेकीला घेऊन सोल्जर फील्डला गेलो होतो, आपल्या शिकागो बेअर्सची (अमेरिकन फुटबॉलची आपली टीम) बेंगल्सविरुद्धची प्रीसीझन मॅच. प्रीसीझन म्हणजे सरावच, निकालाला काही अर्थ नसतो हे कळतं मला. पण केलेबने पळता पळता रिसीव्हर (बॉल झेलणारा) रोम ओडुन्झेला ४५ यार्डांवर जो बॉल टाकला ना, आमची अख्खी रांग उठून उभी राहिली आणि लेक माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "बाबा, हा आपला आहे?" म्हटलं हो, आपलाच. नंतर तो स्वतःच ७ यार्ड पळत जाऊन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार) करून आला. आकडे बघाल तर १३ पैकी ६ पास पूर्ण आणि ७५ यार्ड, म्हणजे फार काही नाही, पण डोळ्यांनी बघितलेलं वेगळंच असतं.

परत येताना मेट्रात तिने विचारलं, १८ नंबरची जर्सी घेऊया का? आणि इथे माझी गाडी अडली. माझ्या कपाटात तीन जर्स्या घडी घालून ठेवल्यात. कटलरची ६, ट्रुबिस्कीची १० आणि फील्ड्सची १. प्रत्येक वेळी घेताना मनापासून वाटलं होतं की हाच तो. तिघेही गेले. आता अकरा वर्षांच्या पोरीला त्याच रांगेत उभं करायचं का, हा माझा प्रश्न आहे.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. २०२२ ला आपण ३-१४ (३ जिंकलो, १४ हरलो), लीगमध्ये सगळ्यात खाली, म्हणून ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंच्या निवडीचा) पहिला नंबर मिळाला. आपला जनरल मॅनेजर रायन पोल्सने तो २०२३ च्या मार्चमध्ये कॅरोलायनाला दिला आणि बदल्यात डीजे मूर, बाकीचे पिक्स (निवडीचे हक्क) आणि त्यांचा २०२४ चा पहिल्या राउंडचा पिक घेतला. कॅरोलायना २-१५ हरली आणि तोच पिक पुन्हा एक नंबरचा निघाला! विकलेलं घर भाड्यासकट परत मिळावं तसं झालं. त्यात केलेब आला आणि आपल्या स्वतःच्या ९ नंबरवर ओडुन्झे.

तर सांगा, रोस्टर (टीमची यादी) बघून काय वाटतं? कुठे कमी पडतोय आपण?

डीप_डिश_देशपांडे | १८ ऑगस्ट

घ्या हो जर्सी! विचार कसला करताय!

इतके रिसीव्हर्स एका वेळी मी तरी बेअर्सकडे बघितले नाहीत. मूरने गेल्या वर्षी १३६४ यार्ड केले, कीनन अ‍ॅलनने चार्जर्सकडून १०८ कॅच घेतले, तो आपल्याला चौथ्या राउंडच्या एका पिकमध्ये मिळाला. ओडुन्झेने कॉलेजच्या शेवटच्या वर्षी १६४० यार्ड काढले. टाइट एंड कोल कमेट तर इथलाच, अर्लिंग्टन हाइट्सचा पोरगा. मागे पळायला स्विफ्ट. एवढं ताट वाढून कुठल्या रुकी (पहिल्या वर्षाच्या) क्वार्टरबॅकला मिळतं?

शंभर वर्षांच्या वर झाली या टीमला आणि एकाही क्वार्टरबॅकने सीझनला ४००० यार्ड फेकलेले नाहीत. सगळ्यात जास्त एरिक क्रेमरचे ३८३८, तेही १९९५ ला. यंदा मोडतो बघा हा रेकॉर्ड. १०-७ आणि प्लेऑफ, लिहून ठेवा.

कडूनिंब | १८ ऑगस्ट

ताट भरलेलं आहे, पण पोरगा जेवायला बसेपर्यंत त्याला पाडलं तर?

मी रिसीव्हर्स बघतच नाही, मी लाइन बघतो. डावीकडे ब्रॅक्स्टन जोन्स, पाचव्या राउंडचा, कष्टाळू आहे पण ताकदवान रशर (पाडायला धावून येणारा) समोर आला की मागे ढकलला जातो. टेव्हन जेन्किन्स चांगला आहे पण सीझनभर धडधाकट राहिलाय कधी? सेंटरला कोलमन शेल्टन नवीन. राइट गार्ड नेट डेव्हिस कॅम्पमध्ये निम्मा वेळ बाहेर. फक्त उजवा टॅकल डॅरनेल राइट, त्याच्यावर माझा भरवसा आहे. पाचातला एक.

२००२ साली ह्यूस्टनने असाच एक नंबरवर डेव्हिड कार घेतला होता. पहिल्याच वर्षी त्याला ७६ वेळा सॅक केलं (बॉलसकट पाडलं), आजपर्यंतचा रेकॉर्ड आहे तो. पोराच्या हातात सगळं होतं, पण नंतर तो कधी सावरलाच नाही. आणि लांब कशाला, आपल्या फील्ड्सचा पहिला स्टार्ट आठवा, सप्टेंबर २०२१, क्लीव्हलँडला. ९ सॅक, आणि सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करून टीमचा पासिंगचा हिशोब किती? १ यार्ड. एक. मी ती मॅच पूर्ण बघितली आणि रात्री जेवलो नाही.

तुमच्या लेकीचं मन मोडायचं नाही मला, पण जर्सी थांबवा.

गोदाकाठ | १९ ऑगस्ट

मी नाशिकहून वाचतोय, भाऊ डॅलसला आहे म्हणून थोडंफार कानावर येतं. एक अगदी बाळबोध प्रश्न, रागावू नका. मैदानात ११ जण असतात ना, मग सगळी चर्चा या एकाच पोराची का? आणि लाइन म्हणजे काय?

रानजाई | १९ ऑगस्ट

रागवायचं काय त्यात, मीही लग्न होऊन इथे आले तेव्हा हेच विचारलं होतं.

व्हॉलीबॉलमधला सेटर आठवा. प्रत्येक बॉल त्याच्या हातून जातो आणि कुणाला द्यायचा ते तो ठरवतो. क्वार्टरबॅकचं तसंच, फक्त इथे तो विचार करत असताना समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे चार गडी त्याला आडवा करायला धावत येतात. त्याच्या हातात साधारण अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात पाच रिसीव्हर कुठे पळतायत, समोरच्याने सापळा कुठे लावलाय, सगळं वाचून बॉल टाकायचा. त्या धावून येणाऱ्यांना जे पाच जण अडवतात ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांना बॉल कधी मिळत नाही, त्यांचं नाव फक्त चूक झाली की घेतात. बॉलसकट क्वार्टरबॅक जागेवरच पाडला गेला की सॅक.

आता पैशाचं पण सांगते कारण आशा ठेवायचं खरं कारण तिथे आहे. २०२४ ला प्रत्येक टीमला खेळाडूंवर २५.५४ कोटी डॉलरची मर्यादा आहे. मुरलेला क्वार्टरबॅक त्यातले वर्षाला ५ कोटीच्या वर नेतो. केलेबचा करार चार वर्षांचा मिळून ४ कोटीच्या आत. उरलेल्या पैशात बाकीची टीम उभी करायची हीच तीन-चार वर्षं असतात. मॉन्टेझ स्वेट आणि जेलन जॉन्सनला मोठे करार देता आले ते याच हिशोबात. म्हणून मी कडूनिंब यांच्या बाजूची आहे, यातले पैसे लाइनवर जायला हवे होते.

पणजीकर | १९ ऑगस्ट

फुटबॉल वाचून धावत आलो तर इथे हाताने खेळतायत! तरी बसतो. आमच्याकडे सतरा वर्षांच्या पोराला पहिल्या टीममध्ये घेतलं की अख्खा वाडा त्याच्या आईला विचारायला जातो, जेवतो ना नीट. या केलेबचं वय काय?

डीप_डिश_देशपांडे | १९ ऑगस्ट

बावीस. वॉशिंग्टन डीसीचा. कॉलेज आधी ओक्लाहोमा, मग कोचच्या मागोमाग यूएससीला, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२२ ची हाइझमन ट्रॉफी त्याची. बसा बसा, जागा आहे.

पॅकर_पाटील | १९ ऑगस्ट

मिलवॉकीहून नमस्कार. दार वाजवून आत येतोय, मारू नका.

शेजारी म्हणून प्रेमाने सांगतो, तुमची घाई तुम्हाला नडते. आमच्या ग्रीन बे पॅकर्सकडे १९९२ पासून क्वार्टरबॅक फार्व्ह, रॉजर्स, लव्ह, बत्तीस वर्षांत तीन माणसं. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, लव्ह तीन वर्षं बसला. बघितलं, शिकले, मग उतरले. तुम्ही पोराला पहिल्या दिवशी उभं करता आणि डिसेंबरपर्यंत त्याच्याकडून १९८५ सारखं विजेतेपद मागता. तुमच्याविरुद्ध सलग १० जिंकलोय आम्ही, यात आमचा मोठेपणा निम्मा आणि तुमची घाई निम्मी.

लेफ्ट_टॅकल | २० ऑगस्ट

पाटीलकाका, बाकावर बसवायला पुढे कोणीतरी चांगला असावा लागतो ना! तुमच्याकडे फार्व्ह होता. आमच्याकडे केलेबच्या पुढे कोण बसणार?

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आईने तपासून दिलंय. मी इथेच जन्मलो, हायस्कूलला तीन वर्षं लेफ्ट टॅकल खेळलो म्हणून लिहावंसं वाटलं. लाइनमध्ये उभं राहिलं की मागचं काही दिसत नाही. हात जमिनीला, नजर समोरच्याच्या कमरेवर, आणि क्वार्टरबॅकचा फक्त आवाज येतो. तो किती वेळ बॉल धरून उभा आहे हे तुम्हाला कळत नाही. आमचा एक क्वार्टरबॅक दोन मोजून बॉल सोडायचा, त्याच्यासाठी मी राजा होतो. दुसरा प्रत्येक वेळी मागे गोल फिरायचा आणि मी ज्याला बाहेरून वळवलेला असायचा त्याच्याच मिठीत जायचा, आणि कोच ओरडायचे माझ्यावर.

केलेबची सवय त्या दुसऱ्यासारखी आहे. कॉलेजमध्ये तो निसटायचा कारण तो सगळ्यांपेक्षा चपळ होता. इथे डिफेन्सिव्ह एंड पण तेवढेच चपळ. म्हणून सॅक झाले तर सगळं लाइनवर टाकू नका. अर्धे सॅक त्याने बॉल लवकर सोडून स्वतः वाचवायचे आहेत. ते शिकायला एक वर्ष जाईल. पण हात! असा हात मी बघितला नाही. पाय हवेत असताना ४५ यार्ड.

जुना_शिकागोकर | २० ऑगस्ट

मी १९७८ ला इथे आलो. त्यामुळे ८५ चा विषय निघाला की मला बोलावंच लागतं.

८५ च्या सीझनची फायनल, म्हणजे सुपर बोल, २६ जानेवारी १९८६, न्यू ऑर्लिन्स, पेट्रियट्सविरुद्ध ४६-१०. आम्ही पाच मराठी कुटुंबं एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये बसलो होतो, बायकांनी साबुदाणा वडे केले होते, आणि कुणालाही नियम धड माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी शहरात मिरवणूक निघाली, हाडं गोठवणारी थंडी, तरी आम्ही गेलो.

सगळ्यांना त्यातले वॉल्टर पेटन, क्वार्टरबॅक मॅकमॅहन, कोच डिट्का आठवतात, 'फ्रिज' पेरी आठवतो. मी पोरांना पाच नावं पाठ करायला लावली होती. कोव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गेनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न. ती लाइन. हिल्गेनबर्गला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. मॅकमॅहन ८२ ला आला आणि पुढच्याच वर्षी पहिल्या राउंडमध्ये कोव्हर्टला घेतलं, म्हणजे पोरगा आणला आणि लगेच त्याच्या पाठीशी माणूस उभा केला. पेटनची धाव जी तुम्ही बघता ती या पाच जणांच्या मागून निघालेली आहे.

आता माझी एक भीती सांगतो. ट्रुबिस्कीला २०१७ ला हेड कोच जॉन फॉक्सच्या हाताखाली आणलं, वर्षाच्या शेवटी फॉक्स गेला. फील्ड्सला २०२१ ला नॅगीच्या हाताखाली आणलं, वर्षाच्या शेवटी नॅगी गेला. दोघांनाही दुसऱ्या वर्षी नवा मास्तर, नवी भाषा, नवी पाटी. आताचा हेड कोच एबरफ्लूस मुळात डिफेन्सचा माणूस, ऑफेन्सचा कोच शेन वॉल्ड्रन नवा. हे तिसऱ्यांदा होऊ नये एवढीच इच्छा.

सातारी_कंदी | २१ ऑगस्ट

नेपरव्हिलकर, त्या तीन जर्स्यांचं काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही! तुमच्या मातोश्री आल्यात ना सध्या? गोधडी शिवून घ्या. आमच्या आजीने बाबांच्या एनसीसीच्या शर्टांची शिवली होती, अजून आहे.

नेपरव्हिलकर | २१ ऑगस्ट

काय सुचवलंत! आईला विचारलं. तिने जर्सी हातात घेऊन उलटी सुलटी केली आणि म्हणाली, हे जाळीचं कापड सुईवरून सरकतं, धावदोरा धरणार नाही, आत जुनं सुती लुगडं घालावं लागेल. मग स्वतःच्याच बॅगेतून दोन साड्या काढल्या. आकडे कापू नको म्हणालो तर म्हणाली, आकडे मध्येच येतील, कडेने जोड लावू.

जुना शिकागोकर काका, पाच नावं लेकीला पाठ झाली. बोर्ट्झ म्हणताना तिला हसू येतं.

रानजाई | २१ ऑगस्ट

गोधडीला अस्तर जाड घेऊ नका, टाके वर येत नाहीत. आणि चौकोन बाहेरून आत नको, मधून बाहेर शिवत जायचं, नाहीतर मध्ये फुगा येतो.

कडूनिंब | २१ ऑगस्ट

गोधडीत चौथा चौकोन रिकामा ठेवा एवढंच म्हणतो.

डीप_डिश_देशपांडे | २१ ऑगस्ट

कडूनिंब, शुभ बोला हो!!

रानजाई | ७ सप्टेंबर

सगळ्यांना गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा. आमचा दीड दिवसाचा, म्हणजे विसर्जन उद्या, आणि उद्याच दुपारी १२ ला टायटन्सविरुद्ध पहिली मॅच. नवऱ्याने भटजींना अकराच्या आत उत्तरपूजा होईल का विचारलंय. नैवेद्याला बाप्पासमोर केलेबचं नाव घेतलं मी, खरंच घेतलं.

डीप_डिश_देशपांडे | ८ सप्टेंबर

जिंकलो!!! २४-१७! ०-१७ वरून!

लेफ्ट_टॅकल | ८ सप्टेंबर

जिंकलो पण ऑफेन्सचा एकही टचडाउन नाही. त्यांचा पंट (बॉल लांब मारायची किक) ब्लॉक झाला त्यावर जोनाथन ओवेन्सने एक केला, स्टीव्हन्सनने पास पळवून एक केला. केलेब २९ पैकी १४, ९३ यार्ड. डिफेन्सने पोराला पाठीवर बसवून नदी पार केली.

पॅकर_पाटील | ८ सप्टेंबर

सचिन कराचीत पहिल्या डावात १५ वर आउट झाला होता. ९३ यार्डांवर कुणी काही बोलू नका. मनापासून अभिनंदन.

डीप_डिश_देशपांडे | १३ ऑक्टोबर

लंडनला जॅग्वार्सना ३५-१६! केलेबचे ४ टचडाउन पास, दोन कमेटला दोन अ‍ॅलनला! ४-२ झालो आपण! नेपरव्हिलकर, दुकान उघडं आहे!

नेपरव्हिलकर | १३ ऑक्टोबर

जवळजवळ घेतलीच होती आज. दिवाळीला घेऊ म्हणतोय.

नेपरव्हिलकर | २७ ऑक्टोबर

काय लिहू.

आज चकल्या करायचा बेत होता, सोऱ्या माझ्या हातात, टीव्ही समोर. वॉशिंग्टनमध्ये, त्यांच्या रुकीसमोर, जेडन डॅनियल्ससमोर. तीन क्वार्टर काही जमलं नाही आणि मग केलेबने शेवटच्या मिनिटात टीमला नेलं, २५ सेकंद राहिले असताना टचडाउन, वर दोन पॉइंट, १५-१२. आई पण टाळ्या वाजवत होती. शेवटचा बॉल. डॅनियल्सने नुसता वर फेकला. आपला स्टीव्हन्सन खेळ सुरू झाला तरी प्रेक्षकांकडे बघून हात करत होता, मग धावत येऊन उडी मारली आणि बॉल त्याच्याच हाताला लागून मागे उडाला, मागे त्यांचा नोआ ब्राउन एकटा उभा. ५२ यार्ड. १८-१५.

लेक काही बोलली नाही. तेलात सोडलेल्या चकल्या काळ्या झाल्या तेव्हा लक्षात आलं. ती वर तिच्या खोलीत गेली आणि मी जिन्याखाली उभा राहिलो, काय सांगायचं तेच कळेना.

जुना_शिकागोकर | २७ ऑक्टोबर

काही सांगू नका, तिच्यासोबत बसा नुसते. २०१९ च्या जानेवारीत ईगल्सविरुद्ध पार्कीची किक दोनदा दांड्याला लागून बाहेर आली तेव्हा माझ्या नातवासोबत मी असाच बसलो होतो. रात्री दहाला तो म्हणाला आजोबा भूक लागली. मग आम्ही दोघांनी मुगाची खिचडी खाल्ली.

कडूनिंब | १० नोव्हेंबर

पेट्रियट्सकडून ३-१९, घरच्या मैदानात. ९ सॅक. क्लीव्हलँडचा आकडा परत. मला खरं ठरण्यात काहीही आनंद नाही, हे समजून घ्या.

रानजाई | १२ नोव्हेंबर

वॉल्ड्रनला काढलं. नऊ मॅचनंतर पोराचा पहिला मास्तर गेला.

पॅकर_पाटील | १७ नोव्हेंबर

२०-१९. तुमच्या शेवटच्या किकला आमच्या माणसाचा हात लागला. जिंकून मला आज नेहमीसारखं वाटलं नाही, तुमचा पोरगा फार चांगला खेळला.

लेफ्ट_टॅकल | २९ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंगला लायन्सविरुद्ध ३२ सेकंद राहिले, टाइमआउट शिल्लक, केलेब सॅक झाला आणि घड्याळ चालूच राहिलं. माझ्या घरी पंधरा माणसं, सगळे टीव्हीला ओरडतायत टाइमआउट घ्या, टाइमआउट घ्या. नाही घेतला. २३-२०. आज एबरफ्लूसला काढलं. सीझन चालू असताना हेड कोचला काढायची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. काका, तुमची भीती खरी झाली, तीही वर्ष संपायच्या आधीच.

जुना_शिकागोकर | २९ नोव्हेंबर

वाचलं. आज जास्त लिहवत नाही.

नेपरव्हिलकर | ५ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय कारण आज काढायलाच पाहिजे.

सलग १० हरून आज शेवटची मॅच, ती पण ग्रीन बेला. जिंकून हरून काही फरक पडणार नव्हता. २१-२२ ने मागे, हातात मिनिटभर, आणि केलेबने टीमला पुढे आणलं, सँटोसची ५१ यार्डांची किक, २४-२२! तोच सँटोस ज्याची किक नोव्हेंबरला ब्लॉक झाली होती. लेक सोफ्यावरून उडी मारून थेट आजीच्या अंगावर, आणि आजीच्या मांडीवर गोधडी होती, सुई खोचलेली, थोडक्यात वाचली.

पाटील, सलग ११ वर थांबलात बरं का!

पॅकर_पाटील | ५ जानेवारी

थांबलो. गोधडीचा फोटो टाका, तेवढी भरपाई द्या.

लेफ्ट_टॅकल | ६ जानेवारी

वर्षाचा हिशोब. ३५४१ यार्ड, बेअर्सच्या कुठल्याही रुकीपेक्षा जास्त. २० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्याने पळवलेले पास). मध्ये सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन नाही, रुकींमध्ये हा लीगचा रेकॉर्ड. आणि ६८ सॅक.

६८ वेळा पडून १७ च्या १७ मॅच उभा राहिला. पुढे महान ठरलेल्या पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिली होती आणि टीम ३-१३ होती. तसाच ट्रॉय एकमन पहिल्या वर्षी त्याचे ११ च्या ११ स्टार्ट हरला. मी अजून त्याच बाजूचा आहे, लवकर बॉल सोडायला शिकला पाहिजे, पण घाबरलेला क्वार्टरबॅक वेगळा दिसतो. हा डिसेंबरमध्ये पण खाली बघत नव्हता, मैदानात लांबवर बघत होता. मला लाइनमधून आवाज ऐकायची सवय आहे, त्याचा आवाज शेवटपर्यंत तसाच होता.

रानजाई | २२ जानेवारी

बेन जॉन्सन! डेट्रॉइटचा ऑफेन्स उभा करणारा माणूस आपला हेड कोच! यावेळी निदान ऑफेन्सचा मास्तरच मुख्य आहे, ऑफेन्स चांगला चालला म्हणून तो दुसरीकडे जाणार नाही.

डीप_डिश_देशपांडे | २२ जानेवारी

५-१२ झालो, मी १०-७ म्हटलं होतं. पण ४००० यार्ड यायचेच आहेत. लिहून ठेवलेलं खोडू नका.

कडूनिंब | १३ मार्च

सेंटरला अटलांटाचा ड्रू डॅलमन. लेफ्ट गार्ड जो थूनी, चार सुपर बोल अंगठ्या आहेत त्याच्या बोटात. राइट गार्ड जोना जॅक्सन, जो डेट्रॉइटला जॉन्सनच्या हाताखाली खेळलेला आहे. मधले तिन्ही बदलले एका आठवड्यात. मी सकाळपासून तीनदा यादी वाचली.

नेपरव्हिलकर, मी ऑगस्टमध्ये थांबा म्हणालो होतो. आता घ्या.

नेपरव्हिलकर | ३० मार्च

पाडव्याच्या शुभेच्छा मंडळी. गुढी उभारून झाली आणि दुपारी लेकीला घेऊन दुकानात गेलो.

आई जानेवारीतच परत गेली. गोधडी ठेवून गेली, ६, १० आणि १ मध्ये, कडेने तिच्या दोन साड्यांचे काठ. चौथा चौकोन तिने नुसत्या निळ्या सुती कापडाचा केला, मला न विचारता, आणि जाताना लेकीला सांगून गेली की इथे काही जोडायचं नाही, तो अंगावर घालायचा आहे.

१८ नंबर घेतली. दुकानातल्या मुलाने तिच्या मापाची काढून दिली तर तिने ती परत ठेवली आणि दोन नंबर मोठी घेतली, बाह्या कोपराच्या खाली येतात. म्हटलं अगं मोठी होतेय. म्हणाली, बाबा, मी उंच होणार आहे ना.